साहेबांचा माणूस

मराठीचा मास्तर असल्यामुळे शब्दांच्या जातकुळीची चौकशी करण्याची मला वाईट खोड आहे. 'वशिला' हा शब्द अरबी 'वसीला'वरून आला. मूळ अर्थ साधन किंवा मध्यस्थ. 'शिफारस' फारसीतून आली. 'मर्जी' पुन्हा अरबीच. आमचे निलंगा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तेव्हा ही मंडळी त्या वाटेने आमच्याकडे आली, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण पेशव्यांच्या पुण्यातही ती सुखाने नांदत होती. म्हणून तो मोह आवरतो.

हे सारे सुचले ते एका काळ्या बॅगेमुळे. गेल्या आषाढात, दुपारी चारच्या सुमारास, माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बी.एस्सी. झालेला, पाच वर्षे एका औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे लोक ज्याला 'एम.आर.' म्हणतात तो. त्याच्या आईला मात्र मुलगा काय करतो हे अजून नीट सांगता येत नाही. "रोज डागदराकडं जातो," असे ती सांगते, आणि ऐकणारी बाई काळजीने विचारते, "अगं बाई, काय झालंय त्याला?"

बॅग दाराशी ठेवून तो खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, "सर, लातूरची जागा निघाली. आतल्या माणसांचा आधी विचार करू, असं पत्रक आलंय."

लातूरच्या जागेत एवढे काय आहे, हे वाचकांना सांगायला हवे. मलाही ते त्यानेच समजावले. निलंगा हे त्याचे हेडक्वार्टर. औराद शहाजानी, कासारशिरसी, देवणी हा त्याचा मुलूख. रोज दहा-बारा डॉक्टर गाठायचे, दवाखान्याबाहेरच्या बाकावर शेवटचा रोगी आत जाईपर्यंत बसायचे, दोन मिनिटांत तीन औषधांची नावे सांगायची, मग दुकानदाराकडे माल उठला का ते पाहायचे, आणि रात्री मोबाइलवर अहवाल भरायचा. कष्टाला त्याची ना नव्हती. पण आमच्या भागातला माणूस जरा जास्त आजारी पडला की पन्नासेक किलोमीटरवरचे लातूर गाठतो. चिठ्ठी तिथला डॉक्टर लिहितो, औषध तिथल्याच दुकानात विकले जाते, आणि विक्रीचा आकडा लातूरवाल्याच्या खात्यावर पडतो. रोगी निलंग्याचा, खोकला निलंग्याचा, टार्गेट मात्र लातूरचे पुरे होते!

म्हणून या धंद्यात मर्जीतल्या माणसासाठी खोटे आकडे लिहावे लागत नाहीत. त्याला चांगला मुलूख दिला की आकडे आपोआप चांगले येतात. मग त्या आकड्यांवर त्याला बढती देताना साहेबाला मानही खाली घालावी लागत नाही. मला हे ऐकून आमच्या परीक्षकांची आठवण झाली. कुणाला कोणता गठ्ठा मिळाला, यावर किती पास आणि किती नापास हे पुष्कळदा ठरते. असो.

तो घुटमळत म्हणाला, "सर, तुमचे एक वर्गमित्र आमच्या कंपनीत फार वर आहेत. तुम्ही एक फोन केला तर..."

मी फोन केला नाही. त्याऐवजी उपदेश केला. पाच वर्षांचे काम बोलेल, ओळखीने मिळालेली जागा गळ्यात दगडासारखी असते, वगैरे. उपदेशाला रिचार्ज लागत नाही.

मुलाखत लातूरच्या एका हॉटेलात झाली. अकरा उमेदवार, वेळ दहाची, साहेब साडेबाराला आले. याच्या आधीचा मुलगा अर्धा तास आत होता आणि मधूनमधून हसण्याचा आवाज येत होता. याची मुलाखत चार मिनिटांत आटोपली. प्रश्न एकच : "निलंग्यात खूश नाहीस का?" आठ दिवसांनी कळले की जागा त्या हसणाऱ्या मुलाला मिळाली. तो कंपनीत नवा होता. साहेबांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. साहेबांनी याला मुद्दाम फोन करून सांगितले, "अरे, तुला लातूरला आणलं तर निलंगा कोण सांभाळील? तुझ्यासारखा माणूस नाही तिथं."

नालायक म्हणून नाकारले तर माणूस निदान भांडू तरी शकतो. स्तुती करून जागच्या जागी बसवले तर त्याने कुणाच्या नावाने बोंब मारायची?

निलंग्याच्या माणसाने वशिल्यावर लिहायला घेतले की जाणते लोक गालात हसतात, हे मला ठाऊक आहे. आमचे शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले, आणि १९८६ साली, कन्येच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणांत फेरफार झाल्याच्या प्रकरणी उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर, त्यांनी राजीनामा दिला. गावात ती आठवण अजून जपून बोलली जाते. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. तिथे उत्तरपत्रिका होती, गुणांचे कागद होते, आणि ते घेऊन कोर्टात जाणारा एक परीक्षार्थी होता. लातूरच्या त्या हॉटेलात कसला कागद होता? चार मिनिटे आणि तीस मिनिटे यांची नोंद कुणाच्या दप्तरी होते?

कायदा नाही असे नाही. १९७६ साली संसदेने या विक्रीवाल्या नोकरांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यात नेमणुकीचे पत्र लेखी दिलेच पाहिजे असे ठरले. १९९४ साली सँडोझ कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येप्रमाणे औषध प्रतिनिधी हा कामगार नव्हे. त्याला जे संरक्षण आहे ते या १९७६ च्या कायद्यामुळे. पुढे २०२० च्या श्रमसंहितांनी तो कायदा पोटात घेतला आणि 'कामगार' या व्याख्येत या मंडळींचे नाव घातले. हा गृहस्थ कामगार आहे की नाही, एवढे ठरवायलाच इतकी वर्षे गेली! नेमणुकीचे पत्र मिळेल, पण ते कुणाला मिळावे, हे साहेबाच्या मनावर. आमच्या गावात फार्मसीचे कॉलेज आहे. दरवर्षी मुले पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांतल्या काहींच्या हाती हीच काळी बॅग येते, आणि हाच धडा.

श्रावणात आणखी एक मुलगा पेढे घेऊन आला. मी त्याला ओळखले. दोन वर्षे माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला, अक्षर सुरेख, स्वभाव भिडस्त. लातूरची जागा त्यालाच मिळाली होती. मी पेढा हातात घेतला, तोंडात काही घालवेना. त्याने माझा चेहरा वाचला असावा. म्हणाला, "सर, मला पण कळतं. मामांनी आईला शब्द दिला होता. मी नको म्हणलो असतो तर घरात राहू दिलं नसतं. आता ऑफिसात मला नावानं कुणी हाक मारत नाही. 'साहेबांचा माणूस' म्हणतात." त्याला एकट्याने कुठल्या डॉक्टरपुढे उभे राहण्याचा धीर होत नव्हता, आणि जी विक्री होत होती ती आपली की मामांची, हे त्याला कळत नव्हते.

साहेबांनी त्यावर उपाय काढला. नव्याला काम शिकवायला जुना माणूस द्यायचा. कुणाला दिले असेल, ते वाचकांनी ओळखलेच असेल.

परवा नवरात्रात दोघे एकाच मोटारसायकलवर दारात उतरले. चालवत होता निलंग्याचा; मागे बसलेल्याच्या मांडीवर दोन्ही बॅगा. लातूरचे डॉक्टर आता विचारतात म्हणे, "तुझ्याबरोबर तो दुसरा असतो, तो का नाही आला?" हे सांगताना भाचाच हसत होता, जुना नाही.

चहा झाल्यावर भाचा फोन आला म्हणून अंगणात गेला. तेवढ्यात हा जवळ सरकला. आवाज बारीक करून म्हणाला, "सर, दुसऱ्या एका कंपनीत जागा आहे. लातूरच. पुढच्या सोमवारी मुलाखत. तिथले मॅनेजर तुमच्याबरोबर एम.ए.ला होते. मी चौकशी केलीय." थोडे थांबून म्हणाला, "पाच वर्षं बॅग उचलायलोय, सर. आता घरचेपण लग्नाचं बघायलेत."

मी विचारले, "आणखी किती जण आहेत रे तिथं?"

"आठ-नऊ असतील."

"त्यांत निलंग्याचं कुणी?"

"एक आहे. तुमचाच विद्यार्थी आहे सर, माझ्या मागच्या बॅचचा."

मी चष्मा शोधला. फोन हातात घेतला आणि नावांची यादी वर-खाली करू लागलो. अंगणातून भाच्याचा आवाज येत होता, "हो मामा... हो... निघालोच."