व्यवसायाचा रकाना

बँकेच्या अर्जात नाव-पत्त्याखाली ‘व्यवसाय’ असा एक रकाना असतो. आम्ही तिथे ‘अध्यापन’ लिहितो आणि पुढे सरकतो. शब्दांच्या छटांवर वर्गात तासन्‌तास बोलणाऱ्या आम्हा मंडळींना या एका शब्दाचे वजन कधी जाणवलेले नाही.

कोलकात्यातील सोनागाछीच्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ते पुरेपूर ठाऊक होते. बँक दारात उभे करीत नसे. बचत घरवालीपाशी राही आणि कर्ज सावकाराच्या दराने मिळे. म्हणून १९९५ साली त्यांनी ‘उषा’ ही स्वतःची सहकारी संस्था काढायचे ठरवले. तेव्हा सभासद सच्छील असावा, ही कायद्यातली अट आडवी आली. ‘गृहिणी’ लिहा, म्हणजे काम होईल, असा सल्लाही मिळाला. त्यांनी तो मानला नाही. अखेर अट दूर झाली आणि संस्था त्यांच्या खऱ्या ओळखीनिशी नोंदली गेली. पुढे तिच्यात ठेवी किती जमल्या यापेक्षा हा नकार आम्हाला मोलाचा वाटतो.

मात्र ‘उषा’चे कौतुक करून आपण मोकळे होऊ नये. ज्यांना स्वतःची पेढी उभारावी लागते, त्यांना इतर पेढ्यांनी बाहेर ठेवलेले असते. सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने देहविक्रय करणे हा आपल्याकडे मुळात गुन्हा नाही. १९५६चा कायदा कुंटणखाना चालवणाऱ्याला आणि दुसऱ्याच्या या कमाईवर जगणाऱ्याला शिक्षा सांगतो. दलालांचा पैसा अशा खात्यांतून फिरेल, ही शंका अगदीच निराधार नाही. पण मग संशयास्पद व्यवहार तपासावा. माणूसच संशयास्पद ठरवण्याचा अधिकार खिडकीमागच्या कारकुनाला कोणी दिला?

या स्त्रियांना निवासाच्या पुराव्याविना, व्यवसाय उघड न करता आधारपत्र मिळावे, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये मोकळा केला. ज्यांच्यापाशी कोणतेच कागद नाहीत त्यांच्यासाठी छायाचित्र आणि सही-अंगठ्यावर उघडणारे ‘लहान खाते’ही नियमांत आहे. त्यातून महिन्याला दहा हजारांहून अधिक काढता येत नाहीत. मुलाला इस्पितळात दाखल करायचे झाले, तर उरलेल्या रकमेसाठी पुन्हा सावकारच. अशी मर्यादा आम्हा प्राध्यापकांच्या पगारखात्यांना लावली असती, तर आम्ही एव्हाना संपावर गेलो असतो.