कॅन्सर पसरण्याला ‘ब्रेक’ लावणारं जनुक, पुण्यातलं संशोधन काय सांगतं?

कॅन्सरमुळे होणारे बहुतेक मृत्यू मूळ गाठीमुळे नाही, तर ती शरीरात इतरत्र पसरल्यामुळे होतात. म्हणूनच ‘कॅन्सर रोखणारं जनुक सापडलं’ असं काही आलं की आपल्या अहिल्यानगरच्या ग्रुप्सवरही ते धडाधड फॉरवर्ड होतं.

अशा एका जनुकावर नगरहून साधारण 120 किलोमीटरवर काम झालंय, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस). त्याचं नाव स्मार-1. डॉ. समित चट्टोपाध्याय यांच्या टीमने 2007 मध्ये दाखवलं की स्तनाचा कॅन्सर जसा वाढतो, तसं हे जनुक मंदावत जातं.

पेशीतल्या डीएनएला इजा झाली की पी53 हे ‘राखणदार’ जनुक स्मार-1ला जागं करतं. स्मार-1 मग पी53ला टिकवून धरतं, शिवाय कॅन्सरच्या पेशींना जागा सोडून सरकायला लावणारा टीजीएफ-बीटा हा संदेश दाबतं. पी53च बिघडलं की ही साखळी तुटते.

मग औषध कुठंय? घोडं इथेच अडतं. जास्त काम करणारं प्रथिन गोळीने थांबवणं त्यातल्या त्यात सोपं; झोपलेलं जनुक पुन्हा जागं करणं, तेही नेमक्या पेशींत, फार अवघड. या प्रकारचं पहिलं जनुक, एनएम23, अमेरिकेत 1988 मध्येच जाहीर झालं. त्यावरही रोजच्या वापरातला उपचार अजून नाही.

त्यामुळे ‘जनुक जागं करणारं’ चूर्ण किंवा पॅकेज कुणी विकत असेल, तर सरळ नाही म्हणा. गाठ लागली तर डॉक्टरांना दाखवा; कॅन्सरचे बरेच उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात.