विजेची सायकल आणि आपले चढाव

पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या बाजारात एखादी विजेची सायकल उभी असली, की तिच्याभोवती चार माणसे जमतात. पहिला प्रश्न किमतीचा होतो. दुसरा, एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते, हा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु या दोन तालुक्यांत तरी ते पहिले प्रश्न नव्हेत, असे आमचे मत आहे. ती बंद पडली तर दुरुस्त कोण करणार, हे आधी विचारावयास हवे.

या वाहनाची गरज खरी आहे, म्हणूनच हा विषय आम्ही येथे घेत आहोत. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये प्रवाशांना खुला झाला. हरमल, मांद्रे, मोरजी येथे हॉटेले आहेतच. रात्रीची पाळी संपवून निघालेल्या माणसाला बस मिळतेच असे नाही. स्कूटर घ्यावी तर कर्ज आले; आणि २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर ट्रकांचे हप्ते कसे गळ्याशी येतात, हे डिचोलीला आम्ही सांगावयास नको. परवाना नसलेल्या गृहिणीची किंवा स्कूटर चालविण्याची उमेद सरलेल्या वृद्धाची अडचण आणखी निराळी आहे.

या सर्वांना कायद्याने एक सवलत दिली आहे. मोटारीची शक्ती २५० वॉटांच्या व वेग ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत असेल आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा अधिक नसेल, तर अशा सायकलीस केंद्रीय नियम मोटार-वाहन मानीत नाहीत. तिला नोंदणी नको, चालकाला परवाना नको. मात्र ‘वेग सोडवून देतो’ असे कानात सांगणारा विक्रेता भेटल्यास वाचकांनी त्याच्या दुकानाची पायरी तत्काळ उतरावी. मर्यादा ओलांडताच ती सायकल बिननोंदणीचे, बिनविम्याचे मोटार-वाहन ठरते, आणि अपघात झाला तर निस्तरण्यासाठी तो विक्रेता येत नाही.

आता चढावांविषयी. आपली भूमी सपाट नाही. नदीकाठचा रस्ता सोडला की जांभ्या दगडाच्या सड्यावर चढावे लागते. जाहिरातीतील किलोमीटर बहुधा सपाट रस्त्याचे व हलक्या स्वाराचे असतात. परंतु चढावाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. स्वार व सायकल मिळून ९० किलो धरले, तर १०० मीटर उंची चढण्यास सुमारे २५ वॉट-तास ऊर्जा लागते. मोटारीतील हानी धरून ३५ म्हणा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तास मावतात. म्हणजे एवढ्या चढणीला बॅटरीचा दहावा हिस्सा जातो, आणि स्वाराने पायडल मारले तर त्याहूनही कमी. पहाटे पावांची टोपली बांधून वाडोवाडी फिरणाऱ्या पोदेराने हे काम कोणत्याही मोटारीवाचून वर्षानुवर्षे केले आहे. त्याच्या गुडघ्यांना हे यंत्र लाभले तर आम्हांस विशेष आनंद होईल. यास्तव सायकल घेण्यापूर्वी नेहमीचे ओझे बांधून आपल्याच वाटेवरील चढणीवर ती चालवून पाहावी. उतारासाठी ब्रेक मोटारीइतकेच महत्त्वाचे.

खरी परीक्षा घेतो तो पावसाळा. वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर किनाऱ्याची खारी हवा आणि तांबडी माती. तारांचे जोड गंजतात, ब्रेकच्या पट्ट्या लवकर झिजतात. बॅटरी काढता येणारी असावी, म्हणजे सायकल पडवीत ठेवून ती घरात आणता येते. ती सायकलीबरोबर आलेल्या चार्जरनेच व घरातील माणसे जागी असताना चार्ज करावी. वीज वारंवार जाणाऱ्या गावात हे थोडे कटकटीचे आहे, ते खरे. पण एका पूर्ण चार्जिंगला अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते, तेव्हा बिलाची चिंता नको. चिंता आहे ती काही वर्षांनी नवी बॅटरी घेण्याची. तिची किंमत किती, ती गोव्यात मिळते की परराज्यातून मागवावी लागते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. जुनी बॅटरी तो परत घेतो की नाही, हेही विचारावे. ती ओढ्यात टाकण्याची वस्तू नव्हे.

घरातील एकुलती स्कूटर विकून ही सायकल घ्या, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. तीन माणसांचे कुटुंब तिच्यावर बसत नाही. परंतु पाच-सात किलोमीटरवर कामाला जाणाऱ्या एकट्या माणसाला ती पुरेशी आहे, दुरुस्तीची सोय असेल तर. आज नेहमीचा सायकलवाला पंक्चर काढून देतो. मोटार व तिचा नियंत्रक पाहिला की हात वर करतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला ते कोणी शिकविलेले नाही. पेडणे व डिचोली या दोन्ही तालुक्यांत सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे सायकल दुरुस्त करणाऱ्यांसाठी काही आठवड्यांचा सायंकालीन वर्ग काढणे सरकारला जड जाऊ नये. पुढील पावसाळ्यापूर्वी तो सुरू व्हावा, अशी आमची मागणी आहे.