दोष कुत्र्याचा की साखळीचा?

मागच्या येळवशीला एका शेतकरी आप्पांच्या आखाड्यावर जेवणाचं बोलावणं होतं. कोपीत पूजा झाली, भज्जी-अंबिलीच्या पंगती बसल्या, पोरं झाडाखाली हुंदडत होती. गोठ्याजवळ आप्पांचं कारवान कुत्रं साखळीला बांधलेलं होतं. पाहुण्यांच्या सहा वर्षांच्या पोरानं त्याला उंडा द्यायला हात पुढं केला आणि कुत्र्यानं मनगट धरलं.

माणसं काठ्या घेऊन धावली. आप्पा म्हणाले, "साहेब, पिसाळलंय हे. उद्या ह्याचा बंदोबस्तच करतो." बंदोबस्त म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला नको.

पोराची जखम आधी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतली. एक आजी हळद-चुना घेऊन आल्या होत्या, त्यांना हात जोडून थांबवलं. पोराला तसंच सरकारी दवाखान्यात नेलं, लस सुरू केली आणि पुढं सगळ्या मात्रा पूर्ण केल्या. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवलं. ते धडधाकट राहिलं, म्हणजे पिसाळलेलं नव्हतं. मग चावलं का?

आप्पांना विचारलं तर म्हणाले, "सोडलं की शेजाऱ्याच्या शेरडांमागं पळतंय. म्हणून दीड वर्षापासून बांधूनच हाय."

माझ्या मते सगळं दुखणं इथंच आहे. कारवान जात आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या सशामागं पळण्यासाठी जोपासली. कर्नाटकात हिलाच मुधोळ म्हणतात. २००५ साली टपाल खात्यानं ह्या कुत्र्याचं तिकीट काढलं. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ससा मारणं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण कायदा माणसाला कळतो, कुत्र्याच्या पायांना कळत नाही. पळण्यासाठी जन्मलेलं जनावर चार हात साखळीत दीड वर्ष ठेवलं, वर्षभर परकं माणूस दाखवलं नाही, आणि येळवशीला एकदम पन्नास माणसं भोवती आणली. त्याला पळून जाता येत नव्हतं. भ्यालेल्या कुत्र्याला पळायची वाट नसली तर त्याच्याकडं दातच उरतात.

कुत्रं सहसा सांगून चावतं, आपण ऐकत नाही. तोंड फिरवणं, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई देणं, कान मागं पाडणं, अंग ताठ करून एकटक बघणं, ही सगळी "लांब राहा" अशीच सूचना असते. शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे, हाही गैरसमज. शेपूट ताठ, उंच आणि अंग आखडलेलं असेल तर जवळ जाऊ नये. गुरगुरलं म्हणून काठी घालू नका. गुरगुरणं ही धोक्याची घंटा आहे. मार खाऊन कुत्रं गुरगुरायचं सोडतं, पण भीती जात नाही. मग ते न सांगता चावतं.

करायचं काय? फार खर्चाचं काही नाही. सकाळ-संध्याकाळ लांब दोरीला धरून अर्धा-पाऊण तास बांधाबांधानं फिरवा. पिल्लू तीन महिन्यांचं व्हायच्या आतच त्याला माणसं, पोरं, शेरडं, ट्रॅक्टरचा आवाज ह्यांची ओळख करून द्या. शेरडाकडं बघून शांत राहिलं की भाकरीचा तुकडा द्या. खाणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या कुत्र्याजवळ पोरांना जाऊ देऊ नका. येळवस, लग्नकार्य, दिवाळीचे फटाके असले की त्याला गर्दीपासून लांब, शांत खोलीत ठेवा. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस आणि पुढं दरवर्षी.

काही जण म्हणतील, माणसाला फुरसत नाही, कुत्र्याचं कोण बघणार? पण रानडुकरांच्या राखणीला ते रात्रभर जागतं, तेव्हा आपण निवांत झोपतो. शिवाय बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाच आहे.

सरपंच आणि ग्रामसेवकांना एक विनंती. लाळ-खुरकतीच्या लसीसाठी आपण गावात दवंडी देतो, गुरं एका ठिकाणी आणतो. तसा वर्षातला एक दिवस कुत्र्यांच्या रेबीज लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याकडून ठरवून घ्या. शाळेतही पोरांना वरच्या खुणा एकदा समजावून सांगायला लावा.

आप्पांनी कुत्रं मारलं नाही. त्यांचा मुलगा रोज पहाटे त्याला घेऊन हरभऱ्याच्या बांधानं फिरतो. परका माणूस दिसला की अजून गुरगुरतं. पण आता आप्पा त्याला मारत नाहीत, आलेल्या माणसालाच म्हणतात, "जरा लांबूनच या."