नांगर, बैल आणि कारंजे

कोपनहेगनला जाणारा मराठी प्रवासी बहुधा जलपरीचा पुतळा पाहण्यासाठी बंदराच्या काठाने चालू लागतो. हान्स अँडरसनची ती परीकथा त्याने शाळकरी वयात वाचलेली असते. त्याच वाटेवर त्याला दुसरे एक, कितीतरी भव्य शिल्प लागते. प्रवासी खानदेशातला असेल, तर जलपरीपेक्षा त्याचे पाय येथेच अधिक रेंगाळतील. चार दांडगे बैल, मागे नांगर, आणि आसूड उगारून बैलांना हाकणारी एक स्त्री! हे गेफियोन देवतेचे कारंजे. परक्या मुलुखातील हे दृश्य पोळ्याला बैलांची पूजा करणाऱ्या माणसाला परके वाटण्याचे कारण नाही.

या शिल्पामागील कथा आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसन या पंडिताने तेराव्या शतकात लिहून ठेवली. चार बैलांनी एका दिवसा-रात्रीत जेवढी भूमी नांगरून होईल तेवढी तुझी, असे वचन स्वीडनचा राजा गिल्फी याने गेफियोनला दिले. तिने आपल्या चार पुत्रांनाच बैलांचे रूप देऊन नांगराला जुंपले. नांगर इतका खोल गेला की भूमीचा एक तुकडाच सुटून आला. तो समुद्रात ओढून नेला, तेव्हा त्याचे शेलंड बेट झाले; मागे उरलेल्या खड्ड्यात पाणी साठून स्वीडनमध्ये सरोवर निर्माण झाले. कोपनहेगन वसले आहे ते याच बेटावर. परशुरामाने समुद्र हटवून कोकण वसविल्याची कथा ऐकलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये. भूगर्भशास्त्र दोन्ही कथा मान्य करणार नाही. परंतु आपली भूमी कोणाच्या तरी श्रमाने आपल्याला मिळाली, ही कृतज्ञता दोन्हींत आहे. राजाच्या दानाइतकेच बैलांच्या घामालाही डॅनिश कथेत मोल आहे, हा तिचा विशेष.

अँडर्स बुंडगार्ड या शिल्पकाराचे हे काम कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभे राहिले आणि १९०८ साली त्याचे उद्घाटन झाले. आधी ते नगरभवनासमोरच्या चौकात उभारण्याचा विचार होता. पुढे समुद्राजवळची जागा ठरली. १९९९ मध्ये मोठी दुरुस्ती हाती घेण्यात आली आणि २००४ मध्ये कारंजे पुन्हा सुरू झाले. शिल्प घडविणे हे एका पिढीचे काम असते; ते वाहते ठेवणे हे पुढच्या प्रत्येक पिढीचे. उद्घाटनाच्या कोनशिलेवर ज्यांचा जीव असतो, त्यांना यातील दुसरा अर्धा भाग बहुधा आठवत नाही.

आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध कारंजे मुंबईचे. १८६४ साली उभारलेल्या फ्लोरा फाउंटनच्या शिरावर फुलांची रोमन देवता आहे. हे कारंजेही मुळात भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानासाठी योजलेले होते. शिल्प सुंदर आहे. पण त्याची कथा येथल्या मातीतली नव्हती. त्या परिसराला मराठी माणसाची कथा मिळाली ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी येथे गोळीबार झाला. १९६० साली चौक हुतात्म्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि पुढे शेतकरी व कामगार यांचे शिल्प शेजारी उभे राहिले. मधली कित्येक वर्षे मात्र कारंजे कोरडेच होते. २०१९ मध्ये जीर्णोद्धारानंतर त्यातून पुन्हा पाणी उसळले. राज्याच्या राजधानीची ही कथा, तर लहान गावांची अवस्था काय असणार? सिमेंटचा कमळाकृती हौद, चार रंगीत दिवे, एक मोटार. एक-दोन उन्हाळे सरतात न सरतात तोच हौदात पालापाचोळा आणि कागदाचे बोळे, हे चित्र अनेक गावांत दिसते.

धरणगावाला कथा उसनी आणण्याची गरज नाही. १८९० साली बालकवी ठोमरे यांचा जन्म याच गावी झाला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात कोवळ्या वयाच्या या कवीला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या चौकात रोमची फुलदेवता उभी आहे. मराठी कवितेला फुलराणी दिली ती मात्र धरणगावच्या या सुपुत्राने. झऱ्याला उद्देशून ‘निर्झरास’ लिहिणाऱ्या कवीच्या गावी वाहते पाणी हेच सर्वांत समर्पक स्मारक ठरेल.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. उन्हाळ्यात खानदेशातील अनेक गावांत नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते. हंडे-पिंपांच्या रांगा घरोघरी लागलेल्या असताना चौकात कारंजे उडविणे ही शोभा नव्हे, ती थट्टा होय. कारंज्यात तेच पाणी फिरते हे खरे. पण जळगावच्या उन्हात त्याची वाफ होते, मोटारीला वीज लागते आणि देखभालीला माणूस लागतो. तहानलेल्याच्या मनाला हा हिशेब पटत नाही, आणि तो पटावा असा आग्रहही धरू नये.

पाण्याचा विवेक खानदेशाला नवा नाही. पांझरेच्या काठी बंधारे बांधून, फडाफडाने पिके ठरवून, पाटकऱ्याच्या देखरेखीखाली पाणी वाटून घेण्याची फड पद्धत येथल्या शेतकऱ्यांनी काही शतके चालविली. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचले पाहिजे, हा तिचा धर्म होता. नगरपालिकांनी हाच क्रम पाळावा. आधी शेवटच्या नळापर्यंत पाणी. मग देखभालीची वार्षिक तरतूद. आणि त्यानंतर शिल्प. त्याची कथाही कंत्राटदाराच्या नमुन्यांच्या वहीतून न निवडता गावातील शिक्षक, विद्यार्थी आणि शेतकरी यांना विचारून ठरावी. तोवर बैल, नांगर आणि फूल साध्या दगडात कोरले तरी गावाची ओळख कमी होणार नाही. गेफियोनच्या कथेतही आधी नांगर चालला आणि मग पाणी साठले, हे विसरून चालणार नाही.