संघनिवड : गुणवत्ता खरी, पण यादी कोण लिहितो?

एखादा चांगला खेळाडू संघात का नाही, असे विचारले की आपल्याकडे ठरलेले उत्तर मिळते : "निवड गुणवत्तेवर झाली." त्यावर पुढचे प्रश्न विचारले की उत्तर देणारा चिडतो. गुणवत्ता कोणी मोजली? कोणत्या मापाने मोजली? आणि त्या मोजमापाचा कागद कुठे आहे? 'मेरिट' या शब्दाचा मार शिक्षणात आणि नोकरीत पिढ्यानपिढ्या सोसलेल्या समाजाला हे तीन प्रश्न नवे नाहीत. क्रीडांगणावर मात्र ते विचारायला आपण अजून कचरतो.

हे प्रश्न उघडपणे सोडवले तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये दरवर्षी हंगामातल्या निवडक खेळाडूंचा 'ऑल-स्टार' सामना होतो. त्यात कोणाला घ्यावे यावर वाद रंगतो आणि जागा खेळाडूच्या स्थानानुसार ठरत तेव्हा जोराचा वाद असे तो गार्डच्या जागांचा. गार्ड म्हणजे चेंडू पुढे आणणारा, खेळाची रचना करणारा खेळाडू. पूर्वी सुरुवातीचे पाच खेळाडू केवळ प्रेक्षकांच्या मतांवर ठरत. त्यातला दोष २०१६ मध्ये उघडा पडला. जॉर्जिया देशाचा झाझा पाचुलिया हा साधारण कामगिरीचा खेळाडू, पण देशवासीयांनी मोहीम चालवली आणि तो पहिल्या पाचांत येता येता थोडक्यात राहिला. बहुमत म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे लीगला कळले. २०१७ पासून प्रेक्षकांच्या मताला निम्मे वजन, आणि खेळाडू व पत्रकार यांच्या मतांना प्रत्येकी पाव वजन, असा नियम झाला.

त्याच वर्षी या नियमाची परीक्षा झाली. पश्चिम विभागात गार्डच्या जागा दोन आणि दावेदार तीन : स्टीफन करी, जेम्स हार्डन आणि रसेल वेस्टब्रुक. प्रेक्षकांत करी पहिला, पण खेळाडू आणि पत्रकार या दोन्ही गटांत तिसरा. हार्डन तिन्हीकडे दुसरा. वेस्टब्रुक खेळाडूंत पहिला, पत्रकारांत पहिला, पण प्रेक्षकांत तिसरा. आता हिशेब करा. प्रेक्षकांचा क्रमांक दोनदा धरायचा, बाकीचे दोन एकेकदा. करीचे १, १, ३, ३ म्हणजे आठ. हार्डनचे दोन चोक आठ. वेस्टब्रुकचे ३, ३, १, १, तेही आठच! बरोबरी झाल्यास प्रेक्षकांचे मत निर्णायक, असा नियम होता. वेस्टब्रुक पहिल्या पाचांतून बाहेर गेला. प्रशिक्षकांनी त्याला राखीव म्हणून घेतले.

त्या हंगामात वेस्टब्रुकची सरासरी होती प्रति सामना ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड आणि १०.४ असिस्ट. तिन्हींत दोन आकडी सरासरी ही कामगिरी १९६१-६२ च्या ऑस्कर रॉबर्टसननंतर कोणालाच जमली नव्हती. हंगामाअखेर सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. हार्डनही २९.१ गुण आणि ११.२ असिस्ट घेऊन उभा होता, त्यामुळे त्याला हटवा असे कोणी म्हणणार नाही. पण करी की वेस्टब्रुक, असे विचाराल तर त्या वर्षापुरते आमचे मत वेस्टब्रुकच्या पारड्यात आहे. ज्यांना त्याच्यासमोर उभे राहून खेळावे लागले, त्यांनीच त्याला पहिला क्रमांक दिला होता.

मुद्दा पुढेच आहे. वेस्टब्रुकवर अन्याय झाला असे म्हणणाऱ्याला आपले म्हणणे आकड्यांनिशी मांडता आले, कारण मते जाहीर होती आणि नियम आधीच ठरलेला होता. दोष द्यायचा तर नियमाला देता येत होता, बंद खोलीतल्या कोणाला नव्हे. शिवाय १९५० पर्यंत ज्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, तिथे २०१७ चे हे तिन्ही दावेदार कृष्णवर्णीय होते. दार उघडले, हिशेब उघडा झाला, तेव्हा वाद फक्त खेळाचा उरला.

आता आपल्या महाराष्ट्रातला वाद पाहा. बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातले डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याच्या युरोपियन क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता ते गोलंदाजी शिकले. हिंदूंच्या संघाला त्यांचा चेंडू हवा होता, पण मैदानाबाहेर सवर्ण खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला. कप्तान होते पतियाळाचे महाराज, कारण ते महाराज होते. त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले बाळूंनी.

तरीही हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना मिळाले नाही. १९१३ मध्ये कप्तान एम. डी. पै यांनी स्वतःच्याच सत्कारात सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील, पण यादी लिहिणाऱ्यांनी लेखणी हलवली नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेसाठी तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढले आणि संघातून अंग काढून घेतले. कप्तानपदासाठी खेळाऐवजी जात मोजली गेली, हा त्यांचा आक्षेप होता. दोन उत्तम फलंदाज गेल्यावर समितीचे डोळे उघडले. भाऊ परत आले, बाळूंना उपकप्तान करावे लागले. १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांचा पराभव करून स्पर्धा जिंकली. 'नेतृत्वगुण नाहीत' असे ज्यांच्याबद्दल गृहीत धरले होते, त्यांच्या घरातच तो गुण होता.

निवड समितीने १९२० मध्ये कोणते कारण लिहून दिले होते? दिले नव्हते, हेच तर दुखणे. कारण न सांगता घेतलेल्या निर्णयात जात लपायला भरपूर जागा असते. म्हणूनच कायद्यात सकारण आदेशाला महत्त्व आहे.

इथे चळवळीच्या वाचकांनी स्वतःलाही एक कसोटी लावून पाहावी. हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. त्यामुळे आपल्यातले काही जण त्यांचे नाव घ्यायला नाखूश असतात. त्यांच्या राजकारणावर टीका करा, ती केलीच पाहिजे. पण गोलंदाजांची यादी करताना निकष गोलंदाजीचाच लागेल. समितीने खेळ मोजताना जात मोजली. आपण खेळ मोजताना पक्ष मोजला, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

हे सारे देवरूखच्या वाचकाला कशासाठी सांगायचे? कारण आमच्या कोकणात वाडीवाडीत कबड्डी खेळली जाते. चढाई करणारा, कोपरा सांभाळणारा मुलगा कष्टकऱ्याच्या घरातला असतो. त्याच्यासाठी तालुका किंवा जिल्ह्याच्या संघातली निवड केवळ हौस नसते. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतले खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण यांची वाट अशा निवडींतूनच पुढच्या पातळीवर जाते. यादीतून एक नाव गळते, तेव्हा एखाद्या घराची भाकरी गळालेली असते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. निवडीचे निकष आधी लेखी जाहीर करा. निवड समितीची नावे लावा. चाचणीतले प्रत्येकाचे गुण फलकावर लावा. ज्याचा मुलगा, पुतण्या किंवा स्वतःच्या मंडळाचा खेळाडू चाचणीत असेल, त्याने त्या निर्णयातून बाजूला व्हावे. एनबीएचे प्रशिक्षक राखीव खेळाडू निवडतात, पण स्वतःच्या संघातल्या खेळाडूला मत देऊ शकत नाहीत. आपल्याच प्रकरणात आपण न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. ते तालुक्याच्या मैदानावर का लागू नये?

कोर्ट खेळाडूची चढाई मोजायला बसत नाही, बसूही नये. पण चाचणी ठरल्याप्रमाणे झाली की नाही, हे तपासायचे मार्ग आहेत. शासनाच्या शालेय स्पर्धा क्रीडा खात्यामार्फत होतात. माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांचा अर्ज करून निवडीचे निकष आणि गुणपत्रक मागता येते. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. संघटनांच्या कारभारासाठी २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. वरचा कायदा खालच्या मैदानापर्यंत आपोआप पोहोचत नाही. तो मागणीच्या रेट्यानेच पोहोचतो.

विठ्ठल आणि शिवराम यांच्या हाती ना माहितीचा अधिकार होता, ना राज्यघटना. होती ती फक्त सही आणि न खेळण्याची हिंमत. आज आपल्या हाती त्याहून कितीतरी जास्त आहे. यंदाची चाचणी होईल तेव्हा मुलाला मैदानावर पाठवाच, पण यादी लागल्यावर गुणांचा तक्ताही मागा. आपला मुलगा निवडला गेला असेल, तरीही मागा.