सावध माणसाची फसवणूक

माणूस लोभापायी फसतो, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजलेली आहे की, कोणी नाडला गेल्याची वार्ता कानी पडताच त्याला कसला तरी मोह झाला असलाच पाहिजे, असा तर्क करून आपण मोकळे होतो. गुप्तधन, दामदुप्पट, परदेशातील लॉटरी अशा प्रकरणांत तो तर्क बहुधा खराही ठरतो. परंतु गेल्या वीस वर्षांत संगणकाच्या जगात जी एक प्रवंचना देशोदेशी फोफावली, तिच्या बाबतीत तो साफ लंगडा पडतो. खोट्या अँटीव्हायरसला जी माणसे बळी पडली, त्यांना फुकटात काही मिळवायचे नव्हते. आपले यंत्र, आपली कागदपत्रे, मुलाबाळांची छायाचित्रे आणि बँकेचे व्यवहार सुरक्षित राहावेत एवढीच त्यांची इच्छा होती, आणि त्या इच्छेपोटीच त्यांनी पदरचे पैसे मोजले. बेफिकीर माणूस या जाळ्यात सहसा सापडत नाही, कारण तो पडद्यावरची सूचना वाचतच नाही. सापडतो तो दक्ष, कर्तव्यबुद्धीचा, सूचना वाचून तिच्याबरहुकूम वागणारा मनुष्य. मला या साऱ्या प्रकारात हीच गोष्ट सर्वांत क्लेशदायक वाटते.

हा प्रकार कसा चाले, ते जवळून पाहण्यासारखे आहे. एखादे निरुपद्रवी संकेतस्थळ वाचीत असता अकस्मात एक खिडकी उघडे, आणि तिच्यात विंडोज एक्सपीमधल्या ‘माय कॉम्प्युटर’चे हुबेहूब चित्र दिसू लागे : डावीकडे निळी पट्टी, उजवीकडे सी आणि डी ड्राइव्ह, खाली भराभर पुढे सरकणारी हिरवी रेघ, तिच्याखाली धावणारी फाइलींची नावे, आणि थोड्याच वेळात लाल ढाल झळकून शेकडो दोष सापडल्याचा निर्वाळा. वस्तुतः काहीच तपासले गेलेले नसे. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाला आपल्या डिस्कवरच्या फाइली परस्पर चाळण्याची मुभाच नसते. जे दिसे ते आधीच रचून ठेवलेले हलते चित्र असे. ॲपलच्या मॅक संगणकावर सी आणि डी अशी ड्राइव्हची नावे नसतात. पण तेथेही हेच चित्र जसेच्या तसे उमटे आणि नसलेल्या ड्राइव्हमधले विषाणू मोजून दाखवी. रोग्याच्या नाडीला हातही न लावता वैद्याने असाध्य रोगाचे नाव घ्यावे आणि त्याच श्वासात औषधाची किंमत सांगावी, तसा हा व्यवहार होता. ‘काढून टाका’ या बटणावर बोट पडले की तो बनावट प्रोग्राम यंत्रात शिरे, दर थोड्या वेळाने इशारे देई, पुष्कळदा खऱ्या संरक्षक प्रोग्रामलाच निकामी करी, आणि चाळीस-पन्नास डॉलर भरून नोंदणी होईपर्यंत मालकाला स्वस्थता लाभू देत नसे. पैसे भरले की लाल ढाल हिरवी होई.

माझ्या परिचयातील एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या संगणकावर हे संकट आले, तेव्हा त्यांनी वही घेतली आणि पडद्यावरची सारी नावे, ट्रोजन, वर्म, स्पायवेअर अशा वर्गवारीने, अनुक्रमांक घालून, सुवाच्य अक्षरांत उतरवून काढली. प्रत्येकापुढे ‘गंभीर’ की ‘अतिगंभीर’ हा शेराही लिहिला. ती वही मी पाहिली आहे. ज्या गृहस्थांनी आपल्या उभ्या नोकरीत हजेरीपटावर खाडाखोड होऊ दिली नाही, त्यांच्या त्याच शिस्तीचा कोणी परक्या मुलखातल्या इसमाने असा उपयोग करून घ्यावा, याचा मला अजूनही संताप येतो. त्यांनी तक्रार मात्र कोठेच केली नाही. मुलाला कळले तर तो संगणकाला हात लावू देणार नाही, अशी धास्ती त्यांना वाटत होती.

हा उद्योग अंधाऱ्या खोलीत बसलेल्या एकट्या-दुकट्या भामट्याचा असावा, अशी कल्पना कोणी करील तर ती चुकीची आहे. इनोव्हेटिव्ह मार्केटिंग नावाची कंपनी बेलीझ या लहानशा देशात नोंदलेली होती, आणि तिचा कारभार युक्रेनची राजधानी कीव्ह येथून, कचेरी, नोकरचाकर आणि तक्रारी ऐकणारी दूरध्वनी-केंद्रे असा सारा सरंजाम बाळगून चाले. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटीव्हायरस ही तिच्याच मालाची नावे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2008 च्या डिसेंबरात मेरीलँडच्या न्यायालयात तिच्यावर दिवाणी दावा गुदरला, त्यात दहा लाखांहून अधिक ग्राहक फसल्याचे नमूद होते. 2010 मध्ये शिकागोत जे फौजदारी आरोपपत्र दाखल झाले, त्यात साठांहून अधिक देशांतील लोकांचे दहा कोटी डॉलरांवर नुकसान झाल्याचा आरोप होता. कमिशनच्या दाव्यातील क्रिस्टी रॉस या प्रतिवादी स्त्रीवर 2012 मध्ये 16 कोटी 30 लाख डॉलरांचा हुकूमनामा झाला आणि 2014 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. पण हुकूमनामा होणे आणि वसुली होणे यांत किती अंतर असते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही सांगायला नको. त्याआधी, 2011 मध्ये, दुसऱ्या एका प्रतिवादीने व त्याच्या वडिलांनी तडजोड करून ग्राहकांच्या परताव्यासाठी दिलेली रक्कम 82 लाख डॉलर होती.

वृत्तपत्रात लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला याहूनही अधिक बोचणारे एक प्रकरण आहे. अमेरिकेतील मिनियापोलिसच्या ‘स्टार ट्रिब्यून’ या दैनिकाच्या संकेतस्थळाकडे 2010 च्या आरंभी एक जाहिरात आली. आपण एका हॉटेल-साखळीचे जाहिरात-मुखत्यार आहोत, असे पाठवणाऱ्यांनी भासवले होते. दैनिकाच्या कर्मचाऱ्यांनी आपले काम चोख केले. जाहिरात चालवून पाहिली, तीत काही वावगे आढळले नाही, मगच ती पानावर घेतली. त्यानंतर त्या मंडळींनी जाहिरातीच्या आतील मजकूर बदलला. सकाळी बातम्या वाचायला बसलेल्या वाचकांचे संगणक गोठू लागले आणि 49.95 डॉलर भरून ‘अँटीव्हायरस सॉफ्ट’ विकत घ्यावे, अशी मागणी पुढे आली. या कृत्याचा एक लाटव्हियन सूत्रधार पुढे पोलंडमध्ये हाती लागला आणि 2018 मध्ये त्याला तेहेतीस महिन्यांची शिक्षा झाली. येथे सावधगिरीत कसूर कोणाची झाली? वाचक आपल्या नेहमीच्या पत्राच्या पानावर होता, पत्राने जाहिरात तपासली होती; दोघांनीही जे करायचे ते केले होते.

या व्यापाराचा जमाखर्चही अभ्यासकांनी तपासला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा शाखेतील संशोधकांनी अशा तीन टोळ्यांची दप्तरे पाहून 2011 मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात तिघींची मिळून कमाई तेरा कोटी डॉलर असल्याचे दिसते. प्रोग्राम ज्यांच्या यंत्रात शिरला त्यांपैकी शेकडा दोनच्या आसपास लोक पैसे भरत, आणि तेवढ्यावर इमले उभे राहत. तक्रारी वाढून कार्ड-कंपन्या खाते गोठवतील अशी भीती दिसली, की या टोळ्या परतावे अधिक सढळपणे देत. उरलेले बहुसंख्य ग्राहक गप्पच राहत, कारण त्यांच्या दृष्टीने संकट टळलेले असे.

आणि हा दोष केवळ चोरांपुरता राहिला असता तर बरे होते. ‘ऑफिस डेपो’ हे अमेरिकेतील नामांकित दुकान. तेथे दुरुस्तीला आलेल्या ग्राहकाला आरंभीच चार प्रश्न विचारीत : यंत्र मंद चालते का, मध्येच बंद पडते का, अशा स्वरूपाचे. एकाही प्रश्नापुढे खूण पडली, की तपासणीत काहीही निघो वा न निघो, उपद्रवी प्रोग्रामची लक्षणे आढळल्याचा अहवाल बाहेर येई, आणि मग शेकडो डॉलरांच्या सेवा गळ्यात मारल्या जात. 2019 मध्ये त्या दुकानाने अडीच कोटी आणि प्रोग्राम पुरवणाऱ्या ‘सपोर्ट डॉट कॉम’ने एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले.

अलीकडे या प्रवंचनेने रूप पालटले आहे. आता सबंध पडदा व्यापणारी सूचना येते, यंत्रातून धोक्याचा आवाज उमटतो, आणि खाली ‘तांत्रिक मदती’चा दूरध्वनी-क्रमांक झळकतो, फोन उचलणारा सौजन्याने बोलून यंत्राचा ताबा मागून घेतो. येथे आपल्याला मान खाली घालावी लागते, कारण अशा फोनच्या दुसऱ्या टोकाला पुष्कळदा भारतातला तरुण असतो. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून सीबीआयने 2023 च्या ऑक्टोबरात ‘ऑपरेशन चक्र-2’ या मोहिमेत अशा केंद्रांवर कारवाई केली. बळी पडलेले बहुतेक परदेशी नागरिक होते. याच देशात, पुण्यात, कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या लहानशा दुकानापासून सुरुवात केली, बंधू संजय यांनी गिऱ्हाइकांच्या संगणकांतील विषाणू काढण्याचे प्रोग्राम लिहिले, आणि त्यातून ‘क्विक हील’ ही अँटीव्हायरस कंपनी उभी राहिली. त्याच देशातल्या मुलांनी खोटे विषाणू दाखवून परदेशातल्या म्हाताऱ्यांची पुंजी लुबाडावी, ही विसंगती मला अस्वस्थ करते.

खरा माल विकणाऱ्यांकडेही माझे एक मागणे आहे. वर्गणीची मुदत संपत आली की त्यांतले काही जण तोच लाल रंग, तेच उद्गारचिन्ह आणि तीच घाई वापरतात. मुदत संपली एवढेच सांगायचे असताना यंत्र धोक्यात असल्याची द्वाही फिरवतात. खऱ्याने खोट्याची भाषा उचलल्यावर सामान्य माणसाने त्यांतला भेद ओळखायचा कसा? अशा सूचना साध्या, शांत शब्दांत आणि एका ठरावीक जागीच द्याव्यात, असा दंडक सरकारने घालून द्यायला हवा.

तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे सांगून ठेवावे की, वाचता वाचता उघडलेल्या कोणत्याही पानाला आपल्या संगणकातले विषाणू मोजता येत नाहीत. खिडकी बंद होईना तर बटण दाबून यंत्रच बंद करावे, आणि पडद्यावरच्या क्रमांकावर फोन करू नये. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता त्याच तासात सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या 1930 या क्रमांकावर कळवावे, बँकेला सांगावे, आणि व्यवहाराचा क्रमांक व पडद्याचे छायाचित्र हाताशी ठेवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ती अडवता येण्याची शक्यता त्या पहिल्या काही तासांतच अधिक असते.